पाचवाल्यांना आवतण

डिसेंबरातल्या त्या रविवारी दुपारी लमार राऊनट्रीनं टायर काढायची पहार दुकानाच्या पत्र्यावर अशी हाणली, की मागं झोपलेलं कुत्रं उठून रस्ता ओलांडून पलीकडं गेलं. टीव्हीवर कॉलेज फुटबॉलच्या याद्या नुकत्याच लागल्या होत्या. बारा संघ अव्वल कोण ते ठरवायच्या प्लेऑफमध्ये गेले आणि तेराव्या नंबरचं एक मोठं विद्यापीठ बाहेर राहिलं. त्याचं नाव घेऊन मी माझं तोंड विटाळत नाही. राहिलं तर राहिलं, कुणीतरी तेरावं असणारच. पण तासाभरात त्यांचा खेळाचा साहेब पडद्यावर आला. गळ्यात रेशमी टाय, चेहरा घरात मयत झाल्यासारखा. म्हणाला, "आमच्या मुलांवर अन्याय झाला आहे. आम्ही यंदा कुठलाही बोल खेळणार नाही."

कुठलाही म्हणजे आमचा. आवतण आमचं होतं.

"पंगतीत वरचा पाट मिळाला न्हाय म्हणून हात धुऊन उठला, भाड्या!" लमार म्हणाला. "आरं, धा सामने जिंकलास की! मग अकरावा हितं येऊन जिंक. कुणी तुजं तोंड बांधलंय?"

जॉर्जियाच्या दक्षिणेला आमचं टिलरी गाव. भोवती ऊस, भुईमूग आणि पाइनची झाडं. गावाचं नाव बाहेर कुणाला ठाऊक असेल तर ते काकवी बोलमुळं. कॉलेजांचा फुटबॉलचा (आमचा, धडका देत हातानं खेळायचा) हंगाम संपला की दोन लांबचे संघ बोलवायचे, त्यांना जेवू घालायचं, गुऱ्हाळावर न्यायचं आणि शनिवारी एक सामना खेळवायचा. त्याला बोल म्हणतात. जिंकणाऱ्याला चषक म्हणून लोखंडी काहील. तीन माणसं लागतात उचलायला. बारा सामन्यांपैकी निदान सहा जिंकलेला संघ बोलवायचा, असा नेम; सहावाले संपले तरच पाचवाला. सहा म्हणजे काही शूर नव्हे, पण अगदीच टाकाऊही नव्हे. आपल्यासारखाच म्हणायचा.

लमार स्वतः तसाच एका सहावाल्या संघातून आला. मूळचा मिसुरीचा. बापाची दुभती जनावरं होती, आणि पोरगं दूध पिऊन पिऊन दाराएवढं झालं म्हणून एका बारक्या कॉलेजनं त्याला डावा गार्ड केला. डावा गार्ड म्हणजे पुढच्या फळीत उभं राहून समोरच्याला अडवायचं. त्याच्या हातात चेंडू कधी येत नाही, पेपरात नाव कधी येत नाही. चुकला तरच लोकांना तो दिसतो. चाळीस वर्षांपूर्वी तो संघ सहा जिंकून, पाच हरून (तेव्हा सामने अकराच असायचे) बसमधनं टिलरीत उतरला. शुक्रवारी रीतीप्रमाणं दोन्ही संघांना स्विलींच्या गुऱ्हाळावर नेलं. तिथली रीत अशी, की पुढच्या फळीतल्या आडदांड पोरांनी काहिलीतल्या रसावरची मळी काढायची. लमारनं झारा हातात घेतला तो उलटा. मनगटापर्यंत भाजला. स्विलींच्या वायनेलनं त्याला मलम लावलं.

"मलम लावलं खरं," वायनेल अजून सांगते, "पर ह्यो जो बाकड्यावर बसला, त्यो उठलाच न्हाय."

दुसऱ्या दिवशी भाजल्या हाताला फडकं बांधून तो खेळला. संघ सडकून हरला. तो सामना आज कुणाच्या ध्यानात नाही. त्या हंगामात अव्वल कोण आलं तेही मला आठवत नाही, लमारलाही नाही. पण उन्हाळा लागता लागता तो परत आला, टायरचं दुकान टाकलं, वायनेलशी लग्न केलं, आणि सासरा गेल्यावर गुऱ्हाळ त्याच्याच अंगावर पडलं. बोलच्या मंडळावर गेली कित्येक वर्षं आहे. मंडळाचा निळा कोट त्याला पाठीत बसत नाही, म्हणून तो खांद्यावर टाकून हिंडतो. बोलायला तोंडाळ. चर्चात पाद्र्याचं प्रवचन लांबलं तर घड्याळ काढून सगळ्यांना दिसेल असं धरतो. चिडला की दोन्ही पाय फाकून, गुडघे वाकवून उभा राहतो, जसा काय समोरनं कुणी अंगावर येणार आहे.

त्या रविवारीही तसाच उभा होता, आणि समोर होता डेल्मस स्विली. वायनेलचा धाकटा भाऊ. तो मात्र खुशीत होता, कारण त्याचं फ्लिंट रिव्हर विद्यापीठ बाराव्या नंबरवर प्लेऑफमध्ये घुसलं होतं. भुईमुगाच्या शेंगा उकडून आणल्या होत्या, त्या सगळ्यांना वाटत फिरत होता.

"दाजी, पहार ठेवा आन् शेंगा खावा," तो म्हणाला. "आज सण हाय."

"तुजा सण, माजं सुतक."

"कसलं सुतक? चारच संघ घेत व्हते तवा आमची पोरं एकबी सामना हरली नव्हती. एकबी! तरी दारात उभं केलं न्हाय. चार बड्यांनी आपापसात वाटून खाल्लं. तवा तुमी पहार आपटली व्हती का?"

आपटली नव्हती. मी दुकानातच होतो. फ्लिंट रिव्हरवर तेव्हा खरोखर अन्याय झाला होता, आणि डेल्मसनं ते वर्ष मनात दगडासारखं जपलं होतं.

"चाराचं बारा केलं, बरं केलं," लमार शेवटी म्हणाला. "पर आता म्हणत्यात सोळा करा. मग चोवीस. आरं, समद्यांस्नी आत घ्यायचं आन् मग जो बाहीर राह्यला त्यानं तोंड फुगवून घरी बसायचं. पूर्वी बोल मिळाला तर पोरं उड्या मारायची. आता बोल म्हंजे नापासांची रांग झाली. कुणी केली? ह्या प्लेऑफनं केली."

"बोल म्हंजे काय हो? गादीवाल्याच्या जाहिराती, निम्म्या खुर्च्या मोकळ्या. बरी बरी पोरं तर खेळतबी न्हाईत, पाय मोडंल म्हणून कडंला कोट घालून उभी असत्यात. खरं सांगा, उभी असत्यात का न्हाय?"

"असत्यात."

"मग? तुमी एक हरलेला सामना चाळीस वरसं चघळताय, दाजी."

"हरलेला व्हता म्हणून तर चघळतोय!" लमार ओरडला. "जिंकणाऱ्याचं कौतुक कराया समदा मुलूख हाय. जी पोरं सोमवारी बूट खुंटीला टांगणार, परत कवा खेळणार न्हाईत, त्यांना एक दिस कुणी बोलवायचं का न्हाय? का प्लेऑफमधी बारा मोठ्ठी आन् बाकीची समदी शेणात?"

वादाचा हा भाग आम्हाला पाठ होता. खरा घोळ झाला त्यानंतर.

आमच्याकडं रविवारी संध्याकाळी हूट गॅस्किनचा रेडिओ लागतो. लोक फोन करतात, एकमेकांच्या संघांचा उद्धार करतात. शहाणा माणूस चिडला की पाणी पितो. आमच्याकडला माणूस हूटला फोन लावतो. लमारनं लावला. मोठ्या विद्यापीठाला त्यानं असं धुतलं, की हूटला दोनदा आवाज बंद करावा लागला. मग हूटनं सहज विचारलं, "लमारभाऊ, सहावाले सगळे तर दुसऱ्या बोलांत वाटून गेले. आता एखादा पाचवाला संघ बोलावणार का?"

"पाचवाला?" लमार म्हणाला. "पाच जिंकायचं, सात हरायचं, आन् वर जेवाया यायचं? मैदान नांगरून ऊस लावीन हूट, पर पाचवाल्याचा पाय हितं पडू देणार न्हाय. त्यांच्यापरीस शाळंचा बँड खेळवा. निदान सूर तरी लागंल."

सगळ्या गावानं ऐकलं. हसलं. लोकांनी फोनवर एकमेकांना पाठवलं.

सोमवारी सकाळी मंडळाच्या अध्यक्षीण एव्हिस प्रुइटबाई दुकानात आल्या. बाई बियाण्याचं दुकान चालवतात, आवाज चढवत नाहीत. चढवला असता तर बरं झालं असतं.

"लमार," त्या म्हणाल्या, "सगळीकडं फोन करून झाले. देशात सहावाला एकही मोकळा नाही. पाचवाल्यातले दोघं आधीच नको म्हणालेत. एकाचा प्रशिक्षक नोकरी सोडून गेला, दुसऱ्याला हौस नाही. राहिलं एकच. नेब्रास्काचं प्लॅट व्हॅली."

लमारनं हातातला पाना खाली ठेवला.

"टीव्हीवाल्यांशी आपला करार तुला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "एक वर्ष सामना झाला नाही तर आपली तारीख गेली. प्लेऑफच्या वाढीव सामन्यांसाठी टीव्हीवाले तारखा शोधतच आहेत. लुइझियानाच्या टँजी स्टेटला आपण बोलावून बसलोय, त्यांनी सामान बांधलंय. समोर कुणाला उभं करायचं? बँडला?"

"म्या रागात बोललो, बाई."

"तू कधी रागात नसतोस, लमार? प्लॅट व्हॅलीच्या साहेबानं निर्णय पोरांवर सोडलाय. पोरांनी मत द्यायचं. आणि पोरांनी तुझं रेडिओवरचं बोलणं ऐकलंय. त्यांचं म्हणणं, तो माणूस समोर आला पाहिजे, मग बघू."

दुपारी प्रुइटबाईंच्या दुकानात, बियाण्याच्या पोत्यांमध्ये, बाईंच्या संगणकापुढं लमारला बसवला. वायनेलनं बजावलं, "गोड बोल. काकवीवाल्याचा जावई हायस, निदान तेवढं तरी कर. चूक झाली म्हण आन् मोकळा व्हो." ती, मी आणि डेल्मस मागं उभे होतो. डेल्मस मजा बघायला आला होता.

पडद्यावर एक मोठं दालन दिसलं, आणि त्यात एकावर एक रचल्यासारखी पोरं. काहींच्या हातात जेवणाची ताटं. पुढं मधोमध एक लालबुंद मानेचा पोरगा, त्यांचा सेंटर, म्हणजे पुढच्या फळीतला मधला गडी. व्होंड्रा त्याचं नाव. त्यानं काही न बोलता फोन वर धरला आणि लमारचाच आवाज लमारला ऐकवला. शाळेच्या बँडपर्यंत सगळं. दालनात कुणी हसलं नाही.

"हे तुम्हीच का, मिस्टर लमार?"

"व्हय."

"मग आता काय बोलायचंय?"

वायनेलनं मागनं लमारच्या पाठीत कोपर मारलं. माफी त्याच्या जिभेवर आली असेलही, पण ती त्या जिभेला सवयीची नव्हती.

"पाच म्हंजे पाच," तो म्हणाला.

प्रुइटबाईंनी डोळे मिटले.

"काय म्हणालात?"

"पाच म्हंजे पाच. सहा न्हवं. म्या काल बोललो ते आजबी बोलतो. तुमी सात सामने हरलाय, त्यातले दोन तर घरच्या मैदानावर, म्या बगितलेत. तुमास्नी चांगलं म्हणाया म्या हितं बसलो न्हाय."

तिकडं पोरं उठायला लागली. कुणीतरी शिवी दिली. "बंद कर रे," असं मागनं कुणी म्हणालं.

"बस खाली!" लमार इतक्या जोरात ओरडला की ते खरंच बसले. "आपलं बोलून झालं न्हाय अजून. म्या सुद्धा सहावाल्यात आलो व्हतो, त्यातला शेवटचा तर समोरच्यानं चेंडू हातातनं टाकला म्हणून जिंकलो. आमी काय वाघ व्हतो? धा सामने जिंकलेलं एक मोठ्ठं इद्यापीठ हाय. त्यास्नी आवतण धाडलं, तर म्हणलं आमचा अपमान झाला, आमी खेळत न्हाय. अपमान! गरम जेवाण, आंघोळीला पाणी, समोर धडक द्याया माणूस, हा अपमान! त्यास्नी आता म्या हुबं करणार न्हाय, पाया पडत आले तरी न्हाय. तुमच्यातल्या किती जणांचा ह्यो शेवटचा हंगाम?"

व्होंड्रानं हात वर केला. मग मागं हात वर जात राहिले.

"मग तुमास्नी सहावा पायजे का नगं? तिकडं बसून मिळंल का? पेपरात छापून येईल का? त्यो हितं हाय, टिलरीत. घ्याया यावा लागंल. मिळाला तर म्या सोता रेडिओवर सहावाले म्हणीन. न्हाय मिळाला तर पाचवालेच म्हणीन, खोटं बोलणार न्हाय. आता काय मत द्यायचं ते द्या, माजं जेवाण थंड झालंय."

असं म्हणून तो उठला आणि पोत्यांमधनं बाहेर गेला. संगणक बंद करायचासुद्धा थांबला नाही. प्रुइटबाई काहीतरी सावरायला पुढं झाल्या, तर पडद्यावर व्होंड्रा हसत होता. मळकट, एक दात नसलेलं हसू.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्याकडं सगळेच असे आहेत का?"

"नाही हो. हा एकच आहे."

"बरं. आम्ही मत देतो."

मत पडलं. यायच्या बाजूनं पडलं, पण फार फरकानं नाही.

डेल्मस सामन्याच्या आठवड्यात थांबला नाही. फ्लिंट रिव्हरचा प्लेऑफचा सामना त्याच शनिवारी होता, दूर उत्तरेत, बर्फात. "दाजी, आयुष्यात एकदाच येतंय हे," तो म्हणाला. लमार "जा" म्हणाला, पण मनातनं म्हणाला नाही. शुक्रवारी स्विलींच्या गुऱ्हाळावर पहिल्यांदाच स्विलींचा एकही पुरुष नव्हता. टँजी स्टेटची आणि प्लॅट व्हॅलीची पोरं चुलवणाभोवती उभी होती. लमार झारा दाखवत होता, सुलटा. तेवढ्यात टँजीचा एक गार्ड म्हणाला, की बोल आता मोडीतच काढावेत, सगळ्यांनी प्लेऑफच खेळावा. झालं. लमार त्याच्याकडं वळला, पाय फाकून, गुडघे वाकवून. बारांचे चोवीस झाले तर पंचविसावा कसा रडेल हे तो समजावून सांगायला लागला. इकडं काहीलभर रस उतू जाऊन, आटून, कडेनं काळा व्हायला लागला. व्होंड्रा आणि त्याचे गडी ओरडले, पण लमार एकेक नंबर मोजत एकविसाव्यावर पोचला होता. वास आला तेव्हा थांबला.

"बोंबला," वायनेल म्हणाली. "चाळीस वरसांत पयल्यांदा काहील करपवली. आन् ती बी प्लेऑफपायी."

रात्रीच्या जेवणाला मक्याच्या पिठात तळलेले मासे होते, मऊ गरम पाव होते, आणि त्यावर करपट काकवी. पोरांनी ती बोटानं पुसून खाल्ली. त्या वयात पोरं वंगणही खातील.

शनिवारी सामना झाला. टीव्हीवाल्यांनी तो सकाळी ठेवला, कारण दुपार आणि संध्याकाळ प्लेऑफची. डेल्मस म्हणाला होता त्याप्रमाणं निम्म्या खुर्च्या मोकळ्या होत्या, आणि दव वाळलं नव्हतं. पण ज्या खुर्च्या भरल्या होत्या त्यांत बसलेल्यांचा घसा बसला. प्लॅट व्हॅली आधी मागं, मग पुढं, मग परत मागं. शेवटच्या मिनिटाला त्यांनी तीन गुणांची किक मारली ती खांबाला लागून आत पडायच्याऐवजी बाहेर पडली. दोन गुणांनी गेला सामना. टँजीची पोरं काहील उचलायला धावली आणि त्यातला एक तिच्याखाली सापडता सापडता राहिला.

व्होंड्रा कुंपणापाशी आला, गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे लाल.

"सहावा नाही झाला, मिस्टर लमार."

"दिसलं मला. तिसऱ्या भागात त्यांचा तो उंच पोरगा तुज्या डावीकडनं सुटला तवा तुजा पाय कुठं व्हता?"

"मागं."

"मागं! आरं, मागला पाय आधी टाकायचा असतोय का?" लमारनं कुंपणाच्या अलीकडनंच वाकून दाखवलं. त्या वयात, तो कोट खांद्यावर टाकून. व्होंड्रानं पलीकडनं तसंच करून बघितलं. परत कधी खेळणार नव्हता, तरी करून बघितलं.

मी शेजारीच उभा होतो. टीव्ही कंपनीचा एक माणूस तिथं आला, चकचकीत बूट, हातात कॉफी. करार तोच बघतो म्हणे. सामना झाला, म्हणजे पुढल्या वर्षीची तारीख आमच्याकडं राहिली, हे त्यालाही माहीत होतं आणि त्याला ते फारसं आवडलेलं दिसत नव्हतं.

"अभिनंदन," तो म्हणाला. "पण मनापासून विचारतो हं. पाच जिंकलेला संघ आणला, आता तो आठ हरला. निम्मं मैदान मोकळं. यातून कुणाला काय मिळालं?"

लमार सावकाश सरळ झाला. मला वाटलं, आता पहार असती तर हाणली असती.

"पाचवालेच हाईत ते," तो म्हणाला. "म्या कवा सहावाले म्हणलो? म्या कुणाला खोटं सांगितलं न्हाय. पर हजार मैल चालून आले, चिखलात पडले, दोन गुणांनी गेले, आन् आता रडत्यात. खोटं रडतंय का त्यातलं कुणी, बगा. तुमचा तेरावा कुठं हाय? त्यो कुठं रडतोय? गादीवर बसून टीव्हीवर रडतोय! तुमी त्याला प्लेऑफ वाढवून द्या. सोळाचा करा, चोविसाचा करा. ज्याला बोलावल्यावर यायची अक्कल न्हाय, त्याला पाट वाढवून काय उपेग?"

माणूस म्हणाला, "तुम्ही फार भावनिक होताय."

"भावनिक न्हाय, मला राग आलाय. त्यातलं अंतर तुमास्नी कळत नसंल तर तारखा कशाला वाटत फिरता?" मग तो कोट सावरत मैदानाच्या फाटकाकडं बघायला लागला. "आता बाजूला व्हा. त्यांची बस मागं घ्यायचीय, आन् तुमी तिच्या वाटंत उभं ऱ्हायलाय."

बसवाला नवखा होता. फाटकाच्या खांबाला घासत आणत होता. लमार तिच्या मागं जाऊन दोन्ही हात वर करून ओरडायला लागला, "डावीकडं! आरं डावीकडं! तुलाबी डावी कळत न्हाय का?"